मांटाच्या कल्ल्यांनी मुतखडा विरघळत नाही

परभणीत मावशीच्या मोबाईलवर आलेल्या मेसेजात चार दावे आहेत: मोठा आणि छोटा मांटा पाकट (पंखांसारखे पर असलेला चपटा समुद्री मासा) ही आई-पिल्लं, शेपटीच्या काट्यानं माणूस मरतो, मादी हजारो अंडी घालते, आणि वाळवलेल्या कल्ल्यांच्या पुडीनं मुतखडा विरघळतो. मावशी पुडी मागवणार होती, म्हणून आधी पुडीचंच.

मांटा तोंड उघडं ठेवून पोहतो आणि कल्ल्यांतल्या पट्ट्या पाण्यातले सूक्ष्म जीव गाळतात. वाळवून विकतात त्या याच पट्ट्या. दक्षिण चीनमध्ये त्यांचा बाजार आहे, पण त्यांनी खडा विरघळतो याला काडीचाही पुरावा नाही. तिथल्या नमुन्यांत आर्सेनिक आणि कॅडमियम मात्र सापडलंय. कॅडमियम साठतं मूत्रपिंडात, आणि वर्षानुवर्षं तिथून हलत नाही. दुखणं मूत्रपिंडाचं अन् विषही तिथंच! सोनोग्राफी करा. ५ मिलिमीटरहून लहान खडा बहुतेकदा आपोआप पडतो. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामात जातं ते वेगळं भरून काढावं लागतं. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारून. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता आई-पिल्लू. संशोधक अँड्रिया मार्शल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'झूटॅक्सा' या प्राणिशास्त्राच्या नियतकालिकात या दोन वेगळ्या जाती असल्याचं दाखवलं: मोठा तो महासागरी, छोटा तो प्रवाळी. महासागरी मांटाची रुंदी ७ मीटरपर्यंत, प्रवाळी मांटाची साधारण ५. पण नुसत्या आकारावर जाऊ नका. महासागरीचं तोंड काळं, खांद्यांवरच्या पांढऱ्या डागांमध्ये टी अक्षरासारखा काळा भाग, ठिपके कल्ल्यांच्या मागे पोटावर. प्रवाळीचं तोंड पांढुरकं, काळा भाग वायसारखा, ठिपके कल्ल्यांच्या फटींमध्येही. अंगभर काळे मांटा दोन्ही जातींत निघतात. तिथं खांद्याची खूण चालत नाही, शेपटीचं मूळ बघावं लागतं. महासागरीला तिथं गाठ असते.

काट्याचं निम्मं खरं, तेवढं मान्य. इतर बऱ्याच पाकटांना विषारी काटा असतो. महासागरी मांटाच्या त्या गाठीत त्याचा नुसता अवशेष दडलेला असतो, प्रवाळीला बहुधा तोही नसतो. दोघंही डंख मारू शकत नाहीत.

हजारो अंडी? साफ खोटं. अंडं पोटातच फुटतं, वर्षभरानं बहुधा एकच पिल्लू, तेही जन्मतःच मीटरभराहून रुंद. दोन वेतांत बऱ्याचदा दोन-तीन वर्षं जातात, कधी त्याहून जास्त. म्हणूनच जाळ्यात गेलेली मादी भरून निघत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत महासागरी संकटग्रस्त आहे, प्रवाळी असुरक्षित. २०१४ पासून दोन्हींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. मेसेजातल्या पुडीवर ना जातीचं नाव, ना परवाना. आहे तो फक्त ऑर्डरचा फोन नंबर.