घना-राधा कुठे राहिले?

मराठी मालिकांतल्या लाडक्या जोड्यांची एक यादी वाचली. तीत ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’मधले घना-राधा नाहीत, हे काही पटलं नाही. शिवाय जोडी का जमते, ते सगळं तिथे ‘केमिस्ट्री’वर ढकललंय. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे २०१० मध्ये ‘मुंबई-पुणे-मुंबई’ सिनेमात आले, २०१२ मध्ये घना-राधा म्हणून या मालिकेत, दोन्हीकडे दिग्दर्शक सतीश राजवाडे. त्यांचं भांडण रंगतं कारण दोघं कॅमेऱ्याच्या एकाच चौकटीत असतात. एक बोलताना दुसऱ्याचं ऐकणं, तोंड वाकडं करणं दिसतं. आजकाल एका वाक्यावर तीन क्लोजअप आणि वर ढॅण्ढॅण! मग जोडी जमणार कशी?

असे बोलके सिनेमे थिएटरात बघायचे तर जागा नीट निवडा. संवाद मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात. भिंतीलगत बसलात की बाजूच्या स्पीकरचं संगीत कानावर आदळतं आणि हळू बोललेलं हुकतं. मागून तिसरी-चौथी रांग, मधल्या खुर्च्या उत्तम. आणि मराठी सिनेमा पहिल्याच आठवड्यात गाठा. दुसऱ्या शुक्रवारी नवे सिनेमे आले की संध्याकाळचा खेळ बहुधा आधी जातो, उरतो तो दुपारचा, नोकरदारांना न जमणारा.