शिल्लक जुळली की झालं

अभिनंदन! खान्देशातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध भांडाराची किल्ली तुमच्या हाती आली आहे. खोली बहुधा पश्चिमेच्या अंगाची, वर तापलेला स्लॅब, आत आधीच्या माणसाने जशी आली तशी रचलेली खोकी. बिचकू नका. इथे सांभाळायचं असतं ते एकच, रजिस्टरमधली शिल्लक. औषधं आपापलं बघून घेतात.

जिल्ह्याची गाडी ओपीडी संपता संपता येते आणि चालकाला पुढे आणखी तीन केंद्रं गाठायची असतात. तेव्हा मोजत बसू नका. चलनावर ‘तपासून घेतले’ लिहा आणि सही ठोका. अगदीच मन खात असेल तर खोकी मोजा. पॅरासिटामॉलचं १० गुणिले १० चं एक खोकं म्हणजे १० पट्ट्या, म्हणजे १०० गोळ्या. अशी ५० खोकी आली, की ई-औषधीत, म्हणजे साठ्याच्या संगणक प्रणालीत, कधी ५० भरा, कधी ५००, कधी ५०००. तिन्ही आकडे खरेच आहेत, फक्त एक खोक्यांचा, एक पट्ट्यांचा आणि एक गोळ्यांचा. एकक ‘खोकं’ असताना ५००० भरलेत तर संगणकाला तुमच्याकडे पाच लाख गोळ्या दिसू लागतात आणि पुढचं मागणीपत्र ‘पुरेसा साठा शिल्लक’ असा शेरा घेऊन परत येतं. खिडकीवरची आजी विचारते, ‘भाऊ, गोई शे का?’ (गोळी आहे का?) तिला स्क्रीन दाखवा. पाच लाख बघून तिलाही धीर येईल.

आता मांडणी. जमिनीपासून १० सेंटीमीटर उंच फळ्या टाका, भिंतीपासून ३० सेंटीमीटर जागा सोडा, थप्पी अडीच मीटरच्या वर नेऊ नका, असं प्रशिक्षणात सांगतात. प्रशिक्षणातली खोली मोठी असते. तुम्ही सलाईनची खोकी थेट फरशीवर ठेवा, वाळवीलाही पोट आहे. रबरी हातमोजे पश्चिमेच्या खिडकीत ठेवा. दोन उन्हाळ्यांत ते एकमेकांना असे चिकटतात की सिस्टरला बाळंतपणाच्या वेळी जोडीऐवजी एक लगदा मिळतो. नवा माल नेहमी पुढे लावा, मागे हात घालायचा त्रास नको. आधी आलेला माल आधी काढायचा एवढंच ज्यांना ठाऊक असतं तेही फसतात, कारण काल आलेल्या बॅचची मुदत कधी कधी गेल्या वर्षीच्या बॅचच्या आधी संपते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत मुदतीचा महिना लिहिला की हा घोळ मिटतो. पण मार्करही मागणीपत्रावर मागवावा लागतो ना!

पट्टी कापायचीही रीत आहे. बॅच नंबर आणि मुदत बहुतेक पट्ट्यांवर एकाच टोकाला छापलेली असते. पहिल्याच रुग्णाला त्याच टोकाकडून कापून द्या. उरलेल्या सहा गोळ्या मग अजरामर होतात. त्यांची मुदत कधी संपली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही आणि तपासणीलाही काही सापडणार नाही.

मागणीपत्र हा तुमच्या कौशल्याचा खरा कस, त्यामुळे इथे थोडं थांबू. समजा सहा महिन्यांत अमॉक्सिसिलिनच्या ३६०० कॅप्सूल गेल्या. ३६०० भागिले ६, महिन्याला ६००. झालं मागणीपत्र! त्या सहांपैकी दोन महिने कपाट रिकामंच होतं, हे कुठे लिहू नका. ते लिहिलं तर ३६०० ला ४ ने भागावं लागेल, खरी गरज महिन्याला ९०० निघेल, आणि वरून फोन येईल की एकदम दीडपट कशी वाढली. ६०० मागा. ते २० दिवसांत संपतील. उरलेले दहा दिवस चिठ्ठी लिहून द्या, बाहेरून घ्या म्हणावं. महिन्याअखेर वापर बरोबर ६०० भरतो. म्हणजे तुमचा अंदाज अचूक होता, हे कागदोपत्री सिद्ध झालं. टंचाई अशी घरच्या घरी तयार करता येते, तिला वरच्या कुणाची मदत लागत नाही.

साठा पुरवायचा आणखी एक उपाय म्हणजे पाच दिवसांच्या जागी दोन दिवसांच्या कॅप्सूल द्या आणि ‘परवा या’ म्हणा. परवा कापूस वेचायचा असतो, यायचं तर रोज बुडतो. ती रुग्ण बाई येत नाही. तुमच्या तीन दिवसांच्या कॅप्सूल वाचतात, जंतूही वाचतात.

सुट्ट्या सामानाचं जोडीने बघू नका. ग्लुकोमीटर एका कंपनीचा आणि पट्ट्या दुसऱ्या कंपनीच्या मागवा. पट्टी ज्या यंत्राची, त्याच यंत्रात चालते, पण रजिस्टरला दोन्ही ओळी शिल्लक दिसतात. सलाईन लावायचे कॅन्युला जाड १८ नंबरचे भरपूर ठेवा. जुलाबाने सुकलेल्या बाळाला बारीक २४ नंबर लागतो, तो संपू द्या.

मग मे महिना. भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या वर जातो आणि सगळ्यांना लसींची काळजी वाटू लागते. तुम्हीही काळजीपोटी आयएलआरचा, म्हणजे लसींच्या फ्रीजचा, थर्मोस्टॅट थंडीच्या अगदी शेवटच्या टोकाला फिरवा. आतली टोपली काढा आणि पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी थेट तळाला मांडा. या लसींना उष्णतेपेक्षा गोठण्याचं भय जास्त. एकदा गोठल्या की गेल्या, आणि कुपीवरच्या गोलातला चौकोन पांढराच राहतो, कारण तो फक्त उष्णतेचा हिशेब ठेवतो. शंका आली तर त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची आणि ती व शंकेची कुपी, दोन्ही हलवून शेजारी ठेवून बघायच्या असतात. गोठून गेलेल्या लसीत कण दिसतात आणि साका लवकर खाली बसतो. पण एवढं बघायचं कशाला? दिवसातून दोनदा तापमान लिहायचा तक्ता महिनाअखेरीस एकाच पेनाने भरा. सकाळी ४, संध्याकाळी ४, एकतीस दिवस. विजेचा फीडर दीड दिवस बंद होता त्या तारखांनाही ४. असा स्थिर फ्रीज साऱ्या जगात दुसरा नसेल.

ऑक्सिटोसिनला मात्र खरंच २ ते ८ अंश लागतात. ते लेबर रूमच्या ट्रेमध्ये उघड्यावर राहू द्या. बिघडलं तरी पाण्यासारखंच नितळ दिसतं. रक्तस्राव थांबेना, तर बाईच्याच अंगात रक्त कमी होतं म्हणून लिहायला जागा आहेच.

उपकेंद्रांना वाटप समान करा. पाच उपकेंद्रं असतील तर ओआरएसचे पाच सारखे वाटे. डांबरी रस्त्यावरच्या गावाला तेवढेच आणि पावसाळ्यात ओढ्यापलीकडे अडकणाऱ्या पाड्यालाही तेवढेच. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे जूनच्या आधीच दोन-तीन महिन्यांचा साठा पोचवून ठेवतात म्हणे, आणि नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांना तर दवाखानाच तरंगत जातो. आपल्याला इतकं कुठे जमायचं?

मार्चअखेरीस निधी संपवायचा म्हणून न मागितलेलं काही ना काही येतंच. मुदत सहा महिने, तुमचा वापर दोन वर्षांना एक खोकं. तीन महिने हाताशी असताना शेजारच्या केंद्राला व्हाउचर करून पाठवता येतं, पण दिलं तर आपला आकडा कमी होतो. सर्वांत मागे सारा. मुदत गेली की निर्लेखनाचा, म्हणजे साठ्यातून काढून टाकायचा, प्रस्ताव, समिती, दवाखान्याच्या कचऱ्याची पिवळी पिशवी, गाडीची वाट. एवढ्यापेक्षा ते खोकं चालू मालाच्या शेजारीच राहू द्या, लेबल न लावता.

राहिली किल्ली. ती तुमच्या खिशातच हवी, आणि शनिवारी दुपारपासून तुम्ही जळगावात. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, सूजही फारशी येत नाही, पहाटे पापण्या मिटायला लागतात. सुरुवातीलाच एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या लशीच्या, ८ ते १० कुप्या लागतात, भुकटीच्या प्रत्येक कुपीला १० मिली डिस्टिल्ड वॉटर, आणि रिॲक्शन आली तर म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन भरून तयार. लेबर रूमशेजारी एका न-कुलूप ट्रेमध्ये हे सगळं मावतं. पण ट्रेमधून गेलेल्या कुपीला सही कोण देणार? त्यापेक्षा भांडारच बरं. डॉक्टर कुलूप हलवून बघतात, सिस्टर तुम्हाला फोन लावते, जीप जिल्ह्याच्या रस्त्याला लागते.

सोमवारी या आणि रजिस्टर उघडा. एएसव्ही : मागील शिल्लक २०, खर्च ०, अखेरची शिल्लक २०.