काळ्या दगडांची ओळखपरेड

टेबलावर ट्रे, ट्रेमध्ये बारा दगड. त्यातले सात काळे, तीन काळपट, आणि उरलेले दोन इतक्या बॅचेसच्या घामट हातांतून गेलेले की तेही आता काळ्यांतच जमा. प्रत्येकाला ओळखायचं, वर्णन लिहायचं आणि नाव ठेवायचं. एरवी नावं ठेवायला आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. भूविज्ञानाच्या पहिल्या वर्षाला मात्र त्याची शिकवणी लावावी लागते.

पहिला नियम : रंगावर जाऊ नका. लग्नाच्या बाजारात कुणीही न पाळलेला हा नियम खनिजांच्या बाबतीत सक्तीचा आहे. क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी, पांढरी, गुलाबी, जांभळी, धुरकट, कशीही भेटते. हेमॅटाइट, म्हणजे लोहखनिज, काळा, तपकिरी किंवा चक्क चांदीसारखा चकचकीत असतो. म्हणून त्याला पांढऱ्या, बिनझिलईच्या चिनी मातीच्या फरशीवर घासायचं. उमटलेली रेघ लालसर आली की तो हेमॅटाइट, मग वरून कितीही मेकअप असो. त्याचा चुंबकीय भाऊ मॅग्नेटाइट, त्याची रेघ काळी. सोन्यासारखा चमकणारा पायराइट हिरवट काळी रेघ उठवतो आणि जागीच उघडा पडतो. या रेघेला परिभाषेत ‘कस’ म्हणतात. सोनाराच्या दुकानातून आलेला हा शब्द मला फार आवडतो, पण जर्नलमध्ये सगळे ‘स्ट्रीक’च लिहितात.

लॅबमधली फरशी कायम दुसऱ्याच टेबलावर असते. हार्डवेअरच्या दुकानातून भिंतीच्या टाइलचा फुटका तुकडा आणावा, त्याची मागची खरखरीत बाजू चालते. फक्त तिचं काठिण्य दहापैकी साडेसहाच्या आसपास हे लक्षात ठेवायचं. क्वार्ट्झ सातचा. तो घासला की पांढरी भुकटी पडते आणि पोरं समाधानाने ‘स्ट्रीक पांढरी’ लिहून मोकळी होतात. ती भुकटी फरशीची असते.

काठिण्याची एक ते दहाची उतरंड मोहस् साहेबांनी 1812 साली लावून दिली, संगजिरं सगळ्यात खाली, हिरा सगळ्यात वर. नख अडीच, तांबं तीन-साडेतीन, काच साडेपाच. नखाने जिप्समवर ओरखडा उठतो, चुनखडीतल्या कॅल्साइटवर उठत नाही. (जेल पॉलिश केलेलं नख बाद, ओरखडा नक्की कुणाचा ते कळत नाही.) पुस्तकात ‘तांब्याचं नाणं’ लिहिलेलं असतं आणि खिशात असतो स्टेनलेस स्टीलचा रुपया. त्याने फ्लोराइटवर ओरखडा काढून ‘साडेतीनपेक्षा कमी’ लिहिलं की चाराचा फ्लोराइट एका फटक्यात डिमोट होतो. इलेक्ट्रिशियनकडून जाड तांब्याच्या वायरचा तुकडा मागून घ्यावा. आणि ओरखडा काढल्यावर बोटाने पुसून बघायचंच. पुसला गेला तर तो ओरखडा नव्हे, घासणाऱ्याची झिजलेली भुकटी.

मग येतं अ‍ॅसिड. दहा टक्के हायड्रोक्लोरिक, ड्रॉपरने एकच थेंब. कॅल्साइट लगेच फसफसतो. त्याचा चुलतभाऊ डोलोमाइट अखंड असेल तर ढिम्म, त्याची पूड केली तरच बुडबुडे देतो. आता गंमत बघा : आधी चाकूने ओरखडा काढला, तिथेच पूड राहिली आणि नेमका तिथेच थेंब टाकला. डोलोमाइट फसफसतो, वहीत कॅल्साइट होतो, आणि तोंडीला बसलेले सर चष्म्यावरून बघत राहतात.

पण मुंबईकराची खरी विकेट घेतो तो घरचाच बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला आपला काळा दगड. लाव्हारस वर आला की त्यातले वायू सुटतात आणि थराच्या वरच्या भागात आंबोळीसारखी जाळी पडते. पुढे लाखो वर्षं झिरपणारं पाणी त्या भोकांत झिओलाइट, क्वार्ट्झ, कॅल्साइट अशी फिकट खनिजं भरत बसतं. असा ठिपकेवाला काळा दगड ट्रेमध्ये असतोच. थेंब नेमका पांढऱ्या ठिपक्यावर पडतो, जोरात फसफसतो, आणि निम्मा वर्ग ‘चुनखडी’ लिहितो. थेंब ठिपक्यावरही टाकायचा आणि काळ्या भागावरही. काळा भाग तोंड उघडत नाही.

चव घेण्याचीही परीक्षा असते. हॅलाइट, म्हणजे खनिज मीठ, खारट लागतो, केओलिन ही पांढरी माती जिभेला चिकटते. पण ट्रेमधला हॅलाइट आपल्याआधी किती जणांनी चाटलाय याचा विचार करून माझं मत असं : घनाकृती तुकडे, तिन्ही दिशांना काटकोनात पाटन (म्हणजे ठरावीक सपाट पृष्ठांवर फुटणं), वजनाला हलका, एवढं पाहून हॅलाइट लिहावं आणि जीभ तोंडीसाठी राखून ठेवावी.

खडकांकडे वळलं की कणांचा आकार. लाव्हा जमिनीवर झटपट थिजला की स्फटिकांना वाढायला वेळ मिळत नाही, म्हणून बेसाल्ट बारीक. तोच माल खोल जमिनीत सावकाश थंड झाला की भरड गॅब्रो. मधला तो डोलेराइट. पाक सावकाश ठेवला तर खडीसाखर, घाई केली तर पिठीसाखर. तिन्ही काळे, हे सांगायला नकोच.

होकायंत्र हा वेगळाच छळ. भूवैज्ञानिकांच्या ब्रंटन नावाच्या होकायंत्रावर पूर्व आणि पश्चिम चक्क उलट लिहिलेल्या असतात. दरवर्षी कुणीतरी याला कारखान्याची चूक समजून मनातल्या मनात दुरुस्त करतो आणि त्याचं सगळं रीडिंग आरशात जातं. कारण सरळ आहे : डबी आपल्याबरोबर वळते, सुई उत्तरेला धरून बसते. डबी पूर्वेकडे रोखली की सुई तिच्या डाव्या अंगाला येते, म्हणून डावीकडेच ‘पूर्व’ छापावं लागतं. शिवाय शेजारी हातोडा, लोखंडी कठडा किंवा रेल्वेचा रूळ असला की सुई त्यांच्याकडे मान वळवते. बेसाल्टमधल्या मॅग्नेटाइटलाही ती कधीकधी भुलते.

होकायंत्राने मोजायच्या असतात थरांच्या कलाच्या दिशा. नती आणि नतिलंब हे शब्द ऐकून घाबरू नये. कौलारू घराचं छप्पर आठवा. पागोळ्या ज्या दिशेने ओघळतात ती नती, आणि आढं जसं आडवं जातं तो नतिलंब. खडकाच्या पृष्ठावर बाटलीतलं थोडं पाणी ओतलं की नतीची दिशा आपोआप दिसते. मुंबईतले लाव्हाचे थर पश्चिमेकडे, समुद्राच्या अंगाला कललेले आहेत. उत्तर पूर्वेकडे आलं तर डबी पुन्हा बघा.

फील्डला लांब जायची गरज नाही. अंधेरीचा गिल्बर्ट हिल म्हणजे सुमारे दोनशे फूट उंच उभे बहुकोनी खांब. लाव्हा थंड होताना आकसला, आकसताना तडकला आणि भेगा थंड होणाऱ्या पृष्ठाला काटकोनात आत शिरत गेल्या. वय सहा कोटी वर्षांहून जास्त, वर गावदेवी, चहूबाजूंनी इमारती. तिथे हातोडा काढायचा नाही, नुसतं बघायचं. फोर्टात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतीत कुर्ल्याचा करडा बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर ट्रॅकाइट (हाही ज्वालामुखीचाच खडक) शेजारी शेजारी बसलेत, तिकीट न काढता बाहेरूनही दिसतात. (अ‍ॅसिडची बाटली घरी ठेवून जा.) आणि ‘लाव्हाच्या प्रदेशात जीवाश्म नसतात’ असं तोंडीत ठणकावू नका. लाव्हाच्या दोन प्रवाहांमधल्या गाळात वरळीला बेडकांचे जीवाश्म मिळाले होते आणि इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने 1847 मध्ये त्यांचं बारसंही केलं होतं.

नमुना हातात मावेल एवढा, साधारण दहा बाय सात बाय तीन सेंटिमीटर घ्यायचा. बेसाल्टची घनता 2.9 धरली तर एक नमुना सहाशे ग्रॅमचा. दहा घेतले की सहा किलो, तेही संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये, मांडीवर. नंबर पिशवीवर पेनने लिहिला तर घाम आणि पावसात पुसला जातो आणि दहाही दगड अनाथ होतात. दगडावर व्हाइटनरचा ठिपका द्यायचा, वाळला की त्यावर काळ्या शाईने नंबर, आणि तोच नंबर वहीत, जागेच्या नावासकट.

जागेचं नाव फार महत्त्वाचं. कारण दरवर्षी एक तरी उत्साही विद्यार्थी मरीन ड्राइव्हच्या टेट्रापॉडजवळून ‘काँग्लोमरेट’, म्हणजे गोल गोटे रुतलेला गाळाचा खडक, घेऊन येतो. वर्णन चोख असतं : राखाडी बारीक मसाला, त्यात रुतलेले काळे तुकडे, अ‍ॅसिडला जोरदार फसफस. त्याला एवढंच सांगायचं, की बाबा, तुकडे गोल नाहीत, टोकदार आहेत, तेव्हा काँग्लोमरेट खोडून निदान ब्रेशिया (टोकदार तुकड्यांचा तसाच खडक) तरी लिही, आणि मागून निघालेल्या सळईची नती मोजत बसू नकोस.