पिल्लाच्या रक्ती जुलाबावर जंताची गोळी चालत नाही

गड्डा यात्रेच्या सुमाराला सोलापुरात गल्लोगल्ली कुत्र्यांची महिना-दीड महिन्याची पिल्लं दिसतात, आणि ग्रुपवर तो मेसेज फिरायला लागतो: "पिल्लाला आंव-रक्त पडलं म्हणजे जंत. माणसाची जंताची अर्धी गोळी द्या, जुलाब थांबेपर्यंत पाणी बंद करा, जागा फिनेलने धुवा. माणसांना लागण होते, पिल्लं लांब सोडा."

आधी गोळीचं. जंत असतीलही. पण या वयात असे जुलाब पुष्कळदा कॉक्सीडियाने होतात. हा एकपेशीय परजीवी, आतड्याच्या अस्तराच्या पेशींत शिरून त्या फोडतो. जंताच्या गोळीने तो मरत नाही. त्याला सल्फाची औषधं किंवा टोल्ट्राझुरिल लागतं, तेही पिल्लाचं वजन करून डॉक्टरांनी ठरवलेलं. पार्वो या विषाणूच्या आजारातही रक्तच पडतं, त्यामुळे नुसतं बघून ठरवू नका. ताजी शी छोट्या डबीत घालून जनावरांच्या दवाखान्यात न्या. सूक्ष्मदर्शकाखाली कॉक्सीडियाची अंडाकृती बीजं दिसतात. जुलाब आधी आणि बीजं नंतर, असंही होतं. म्हणून एकदा काही सापडलं नाही तर दोन-तीन दिवसांनी पुन्हा तपासा.

पाणी बंद करणं तर जिवावर बेतणारं आहे. पिल्लाच्या मानेमागची कातडी चिमटीत उचलून सोडा. ती लगेच खाली बसली नाही, तर अंगातलं पाणी आटलंय. त्याच दिवशी सलाईन लागेल. गाईचं दूध थांबवा, आईचं चालू ठेवा.

फिनेलने या बीजांचं कवच फुटत नाही. उबदार, ओल्या जागी ती साधारण एका दिवसात पिकतात आणि चाटण्यातून पुन्हा पोटात जातात. म्हणून शी पडली की लगेच उचलायची. फरशीवर उकळतं पाणी ओतायचं, पिल्लांना बाजूला ठेवून. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून सगळी फरशी नको, तेवढी जागा पुरे. मग ती कोरडी करायची. पिल्लांखाली जुनी चादर असते, ती उकळत्या पाण्यात भिजवून कडक उन्हात टाका. उन्हाची आपल्याला कमी नाही!

कुत्र्यांचा हा कॉक्सीडिया माणसाला होत नाही. कुत्र्याचे काही जंत मात्र होतात, तेव्हा हात साबणाने धुवाच. पण या भीतीने पिल्लं आईपासून तोडून लांब सोडू नका. दूधही तुटतं आणि औषध द्यायलाही कुणी उरत नाही.