आमचे मत, इतरांचे अंगठे

पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या जानेवारी २०२६ मधील निवडणुकीच्या तोंडावर, वाकडला राहणाऱ्या आणि हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या मामेभावाने मला एक लांबलचक संदेश पाठवला होता. त्याचे म्हणणे असे होते की आयटीत काम करणाऱ्यांनी जात, घराणे आणि पक्ष बाजूला ठेवून केवळ आपल्या क्षेत्राच्या प्रश्नांवर मतदान करावे. नोकरकपात, कामाचे तास, कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे धोरण, डेटा संरक्षण आणि हिंजवडीचे रस्ते यांवर जो उमेदवार ठोस बोलेल त्यालाच मत द्यावे. ऊस उत्पादक उसाच्या दराकडे पाहून मत देतो, कांदा उत्पादक निर्यातबंदीकडे पाहून देतो, मग आमचेही मत आमच्या कामाशी बांधलेले का नसावे, असा त्याचा प्रश्न होता. शेवटी त्याने विचारले होते, "ताई, तू तिकडे कसं ठरवतेस?" फोनवर मी दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

मी २०१० पासून बर्लिनमध्ये सॉफ्टवेअर अभियंता म्हणून काम करते. २०२४ मध्ये जर्मन नागरिकत्व घेतले; भारतात दुहेरी नागरिकत्वाची सोय नसल्यामुळे भारतीय पासपोर्ट परत करावा लागला आणि त्याबरोबर तिथला मताधिकारही गेला. त्याआधी परदेशस्थ मतदार म्हणून माझे नाव यादीत होते, परंतु मत देण्यासाठी स्वतः केंद्रावर हजर राहावे लागते आणि ते मला एकदाही जमले नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अशा सुमारे १ लाख १९ हजार नोंदणीकृत मतदारांपैकी तीन हजारांहूनही कमी जणांनी प्रत्यक्ष मतदान केले. तेव्हा हा मजकूर मताधिकार असलेल्या भावाला, तिथे मताधिकार नसलेल्या बहिणीने लिहिला आहे, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

भावाची कल्पना बर्लिन शहराने एकदा प्रत्यक्षात आणून पाहिली आहे. १८ सप्टेंबर २०११ रोजी झालेल्या इथल्या प्रांतिक निवडणुकीत पायरेट पार्टी या पक्षाला ८.९ टक्के मते आणि १५ जागा मिळाल्या. पक्षाच्या यादीत उमेदवारच मुळी १५ होते आणि ते सगळे निवडून आले. इंटरनेटवरील पाळतीला विरोध, डेटाची गोपनीयता, प्रताधिकाराच्या कायद्यात बदल आणि पारदर्शक कारभार हा या पक्षाचा गाभा होता. माझ्या त्या वेळच्या कार्यालयातील जवळजवळ सगळ्या सहकाऱ्यांनी त्याला मत दिले होते. दुसऱ्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यांवर जो आनंद होता तो मी विसरलेली नाही, कारण आपल्या कामाची भाषा बोलणारे लोक विधिमंडळात पोहोचले आहेत ही भावना खरी होती. मला मत नव्हते, पण असते तर मीही तेच केले असते. पुढच्या वर्षी हा पक्ष आणखी तीन प्रांतांच्या विधिमंडळांत पोहोचला.

त्यानंतर जे घडले ते मला अधिक बोलके वाटते. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची जगभरची पाळत उघड केली. तंत्रज्ञानाच्या प्रश्नावर मते मागणाऱ्या पक्षाला याहून अनुकूल काळ मिळणे अवघड होते. तरीही तीनच महिन्यांनी झालेल्या संसदीय निवडणुकीत त्याला २.२ टक्के मते मिळाली. २०१६ मध्ये बर्लिनमध्ये १.७ टक्के मिळाली आणि पंधराही जागा गेल्या. अंतर्गत भांडणे हे एक कारण होतेच, पण तेवढ्याने उलगडा होत नाही. २०११ च्या प्रचारात पक्षाच्या प्रमुख उमेदवाराला दूरचित्रवाणीवर बर्लिनच्या डोक्यावर किती कर्ज आहे असे विचारले, तेव्हा त्याने ‘अनेक दशलक्ष’ अशी भाषा केली. प्रत्यक्षात कर्ज साठ अब्ज युरोंच्या वर होते. लोकांना घरभाडे, शाळेतील शिक्षक, दवाखाने यांविषयी उत्तरे हवी होती, आणि माझे सहकारीही घरी गेल्यावर भाडेकरू आणि पालकच होते. त्या पंधरा जणांनी काही चांगले काम केले. पोलिस एखाद्या परिसरातील सगळ्याच मोबाइलधारकांच्या नोंदी मागवतात ही गोष्ट त्यांनी लावून धरली. परंतु जेमतेम पाच वर्षांत त्यांच्या मतदारांनी आपापल्या इतर प्रश्नांकडे मोर्चा वळवला.

पाळतीविरुद्धचा इथला मोठा विजय मतपेटीतून आलाच नव्हता. प्रत्येकाच्या फोन आणि इंटरनेट वापराच्या नोंदी सहा महिने साठवून ठेवण्याच्या कायद्याविरुद्ध सुमारे ३५ हजार नागरिकांनी घटना न्यायालयात तक्रार केली आणि २ मार्च २०१० रोजी न्यायालयाने त्या तरतुदी रद्द केल्या. त्यामागे १५ डिसेंबर १९८३ च्या जनगणना निकालाचा आधार होता. आपली माहिती कुणी, कशासाठी वापरावी हे ठरवण्याचा अधिकार व्यक्तीचा आहे, असे त्या निकालाने सांगितले होते. आपल्याकडेही निराळे घडलेले नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते लाइक केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली, त्यावरून दिल्लीच्या एका तरुण विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २४ मार्च २०१५ रोजी आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुराला गुन्हा ठरवणारे माहिती-तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ रद्द झाले. इंटरनेट सर्वांना समान मिळावे यासाठी २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांनी ट्राय या दूरसंचार नियामकाला ईमेल पाठवले आणि पुढच्या फेब्रुवारीत संकेतस्थळानुसार भेदभाव करणाऱ्या इंटरनेट दरांवर बंदी आली. या दोन्ही गोष्टी दोन निवडणुकांच्या मधल्या काळातल्या आहेत, आणि त्यांसाठी कुणालाही आपले मत एकाच प्रश्नाला बांधून ठेवावे लागले नाही.

आता माझ्या स्वतःच्या मताविषयी. २३ फेब्रुवारी २०२५ रोजी मी इथल्या संसदीय निवडणुकीत पहिल्यांदा मतदान केले. निवडणुकीआधी इथे ‘वाल-ओ-माट’ नावाची प्रश्नावली मिळते. ३८ विधानांना सहमती किंवा असहमती द्यायची, महत्त्वाच्या विधानांना दुप्पट वजन द्यायचे, आणि मग कोणता पक्ष आपल्या किती जवळ आहे ते दिसते. त्यातील एक विधान रेल्वे स्थानकांवर पोलिसांना चेहरा ओळखणारे सॉफ्टवेअर वापरू देण्याविषयी होते. मी रोज ज्या झ्युडक्रॉइत्स स्थानकातून जाते तिथे ऑगस्ट २०१७ पासून वर्षभर याच तंत्राची चाचणी झाली होती, त्यामुळे मी त्या विधानाला न डगमगता दुप्पट वजन दिले. उत्तरे पाहिल्यावर मात्र लक्षात आले की या प्रश्नावर माझ्याशी सहमत असलेले पक्ष निर्वासित, घरभाडे आणि युक्रेन यांवर एकमेकांपासून कोसो दूर आहेत. त्याच वर्षीच्या २९ जानेवारीला संसदेत स्थलांतर रोखण्याविषयीचा एक ठराव अतिउजव्या पक्षाच्या मतांच्या बळावर मंजूर झाला होता. माझ्या मुलीच्या वर्गात सीरियाहून आलेली एक मुलगी आहे आणि दोघी रोज एकत्र शाळेत जातात. या मुली या शहराच्या आहेत की नाहीत, हा प्रश्न माझ्यासमोर असताना स्थानकावरच्या कॅमेऱ्याला मी माझे मत ठरवू दिले नाही, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

मग भावाच्या यादीचे काय? त्यातील निम्मे प्रश्न तंत्रज्ञानाचे नाहीतच. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे बारा हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि दुकाने व आस्थापनांतील नऊवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. हे कामगारांचे प्रश्न आहेत आणि चाकणच्या कारखान्यातील कामगाराला ते अधिक जाचतात. त्यांच्यासाठी मत द्यायचे तर ते त्या कामगाराबरोबर द्यावे लागेल. रस्त्यांची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. हिंजवडी महापालिकेच्या हद्दीत नाही, ते ग्रामपंचायतीचे गाव आहे. विधानसभेला ते भोर मतदारसंघात येते आणि वाकड चिंचवडमध्ये. भाऊ ज्या रस्त्यावर रोज दीड तास घालवतो त्या रस्त्यापर्यंत त्याचे मत पोहोचतच नाही, आणि त्याच्या सहकाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची नावे अजून लातूर, नांदेड, जळगावच्या याद्यांत आहेत.

उरलेला भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, परंतु त्याचे कारण भावाने दिले त्याच्या उलट आहे. माझी मावशी, म्हणजे भावाची आत्या, कऱ्हाड तालुक्यात राहते. तिने तीस वर्षे उसाच्या फडात काम केले आहे आणि तिच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या आहेत. रेशन दुकानातील यंत्रावर तिचा अंगठा कधी उमटतो, कधी उमटत नाही. न उमटल्यास दुकानदार दुसऱ्या दिवशी यायला सांगतो, आणि तिला वाटते की चूक तिच्या हाताची आहे. मला आणि माझ्या भावाला ठाऊक आहे की तसे नाही. ठसा जुळला की नाही हे सांगणाऱ्या प्रत्येक यंत्रणेत किती साम्य पुरेसे मानायचे याचा एक आकडा असतो. तो वाढवला की खऱ्या माणसालाही नकार मिळतो, कमी केला की भलताच माणूस स्वीकारला जातो, आणि तो आकडा कुठेतरी बसून आमच्यासारख्याच कुणीतरी ठरवलेला असतो. लाडकी बहीण योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, सक्तीची झाली तेव्हा महिलेच्या आधार क्रमांकाबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधार क्रमांकावरून येणारा ओटीपीही मागितला गेला. जिचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत तिने काय करायचे, याचे उत्तर त्या अर्जात नव्हते. तक्रारी झाल्यानंतर मुदत वाढवावी लागली आणि वेगळी सोय करावी लागली. अर्जाचा आराखडा पाहताच ही उणीव हिंजवडीतल्या कुठल्याही अनुभवी टेस्टरने पहिल्या दिवशी दाखवली असती.

डेटा संरक्षणाचेही असेच आहे. २०२३ च्या कायद्यावर आमच्या क्षेत्रात संमतीच्या नोटिसा आणि अडीचशे कोटींपर्यंतचा दंड यांचीच चर्चा झाली. त्याच कायद्याने माहिती अधिकार कायद्यातील वैयक्तिक माहिती नाकारण्याची मुभा देणारा अपवाद बदलून टाकला आणि जनहित असेल तर ती द्यावी ही त्या पोटकलमातील अट काढली, ही गोष्ट राळेगणसिद्धीच्या आंदोलनातून केंद्राच्याही आधी माहितीचा कायदा मिळवणाऱ्या महाराष्ट्रात आयटीवाल्यांनी सर्वात आधी बोलायला हवी होती. आम्ही कायदा वाचला, पण आमच्या कंपनीला लागू होतो तेवढाच वाचला.

म्हणून माझे उत्तर असे आहे की तंत्रज्ञानाचा प्रश्न आमच्या मतात जरूर असावा, मात्र आमचा लाभ मोजण्यासाठी नव्हे. जिथे आम्हाला इतरांपेक्षा थोडे अधिक दिसते तिथे उमेदवार अंगठा न उमटणाऱ्या माणसाकडे कसा पाहतो हे तपासण्यासाठी तो असावा, आणि भाडे, पाणी, शाळा, शेजारी यांच्या प्रश्नांबरोबर त्याचे वजन व्हावे. भाऊ फोनवर म्हणाला होता की हे प्रश्न नगरसेवकाला विचारून उपयोग नाही, ते विधानसभेचे आहेत. त्याचे म्हणणे खरे आहे. विधानसभेची निवडणूक २०२९ मध्ये आहे, आणि तोपर्यंत मावशीला दर महिन्याला दुकानात जायचेच आहे. मे महिन्यात तो सुट्टीला कऱ्हाडला जाणार आहे. धान्यवाटपाच्या दिवशी दुकानात बसून किती जणांचे अंगठे कितव्या प्रयत्नाला उमटले आणि किती जण रिकामी पिशवी घेऊन परतले, याची नोंद करून आणायला मी त्याला सांगितले आहे.