दादा, त्या वाळूत झाडं नका लावू

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की फ्लोरिडातल्या लेक वेल्स रिज या वाळूच्या उंच रांगेवर मी एवढं लिहिलं पण तिथे आहे काय, पांढरी वाळू आणि खुरटी झुडपं, सगळं पडीक, आणि मी म्हणतो तिथे आग लावा, त्यापेक्षा झाडं लावा ना!

आधी माझी चूक. ‘आगीनंतर सगळं मुळापासून फुटतं’ असं मी लिहिलं होतं, ते बरोबर नाही. बुटके ओक फुटतात, पण तिथलं फ्लोरिडा रोझमेरीचं झुडूप (स्वयंपाकातली रोझमेरी नव्हे) जळून मरतं आणि वाळूत पडून राहिलेल्या बियांतून नवीन येतं.

पण पडीक? नाही हो. समुद्र आजच्यापेक्षा बराच वर होता तेव्हा आजूबाजूचं फ्लोरिडा पाण्याखाली होतं आणि ही वाळूची रांग तेवढी बेटांसारखी वर राहिली, लाखो वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही, आणि त्या बेटांवर अडकलेले जीव तिथेच वेगळे घडत गेले, म्हणून तर जगात दुसरीकडे कुठेच न मिळणारी झाडंझुडपं इथे आहेत. सँड स्किंक नावाची सापसुरळी आहे, पाय नावापुरते, ती वाळूच्या आतून पोहत जाते आणि वर नुसती नागमोडी रेघ उमटते. ती रेघ दिसली की मी तिथेच बसतो.

आणि ‘स्क्रब जे’! फ्लोरिडाबाहेर हा निळा पक्षी नाहीच. अकॉर्न, म्हणजे ओकचं फळ, चोचीत धरून उघडी वाळू शोधतो, ठोकून ठोकून आत बसवतो, वर एखादं पान ठेवतो. एकेक पक्षी वर्षाला हजारो अकॉर्न पुरतो. बरीच वर्षं आग लागली नाही की ओक उंच होतात, सँड पाइन दाटतात, वाळू झाकली जाते आणि हा पक्षी तिथून निघून जातो. तुम्ही म्हणता तशी झाडं लावली तर हेच होणार, फक्त लवकर. संत्र्याच्या बागा आणि घरांनी आधीच बहुतेक स्क्रब, म्हणजे हे वाळूवरचं झुडपी रान, खाल्लंय कारण उंच, कोरडी जमीन सगळ्यांनाच हवी. आपल्याकडेही माळरानं कागदावर पडीक म्हणून लागली, त्यात झाडं लावली आणि माळढोकाची जागा गेली, हे तुम्हाला मी काय सांगू.

आणि आग म्हणजे काडी टाकून पळणं नव्हे. १९४१ पासून तिथे आर्चबोल्ड बायोलॉजिकल स्टेशन हे संशोधन केंद्र आहे, ते लोक वारा, ओलावा बघून तुकड्यातुकड्याने जाळतात, म्हणजे जळलेल्याच्या शेजारी न जळलेलं राहतं आणि प्राण्यांना जायला जागा असते. आगीनंतर पाइन परत कसे येतात, हा तुमचा प्रश्न राहिला. सँड पाइनचे बरेचसे शंकू राळेने घट्ट बंद असतात, आगीच्या धगीने ती राळ वितळते, शंकू उघडतात आणि मेलेल्या झाडाखाली राखेत बी पडतं.