आमच्या शाळेचा पट नऊ आहे

परवा शाळेतून एक माहितीपत्रक सहीसाठी घरी आलं. शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष म्हणून माझी सही लागते. एका रकान्यात 'पटसंख्या : ९' आणि त्याच्या बाजूला 'जवळच्या शाळेचे अंतर : १.८ कि.मी.' असं छापून आलेलं होतं. हे दोन आकडे बघून उद्या आमची शाळा बंद करतील आणि मुलांना तिकडे पाठवतील, अशी भीती वाटली. मी पेन बाजूला ठेवलं. सही अजून केलेली नाही. का केली नाही ते सविस्तर लिहितेय, थोडं लांबेल, पण वाचा.

१.८ हे अंतर नकाशावरचं. वाडीवर एक टिंब, पलीकडच्या गावातल्या शाळेवर दुसरं टिंब आणि मध्ये सरळ रेघ. त्या रेघेवरून कोणी चालत नाही. आम्ही चालतो ती वाट आधी भातखाचरांच्या बांधावरून, मग पऱ्या म्हणजे ओढा, पऱ्यावरचा साकव म्हणजे फळ्यांचा छोटा पूल, पुढे चढणीची घाटी आणि शेवटी डांबरी रस्ता. गेल्या जुलैत मी मुद्दाम मुलीला घेऊन तिकडे चालत गेले. ती तेव्हा आठ वर्षांची होती, दुसरीतून तिसरीत गेलेली. पाठीला दप्तर, अंगात रेनकोट. घरातून निघालो तेव्हा फोनमध्ये सव्वानऊ वाजले होते. साकवाच्या दोन फळ्या आदल्या वर्षीच निसटल्यात, त्या जागी तिने चपला काढून हातात घेतल्या आणि दुसऱ्या हाताने माझा पदर घट्ट धरला. खाली पाणी मातकट, आवाज एवढा की आम्हा दोघींना एकमेकींचं बोलणं ऐकू येईना. घाटीत जांभा शेवाळलेला, दोनदा बसत बसत चढली. शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. म्हणजे जायलाच सत्तावन्न मिनिटं, तेही आई बरोबर असताना आणि पाऊस त्यातल्या त्यात बरा असताना. तिथे पोचल्यावर तिने मला एवढंच विचारलं, "आई, रोज?"

मी कोकणातल्या एका वाडीवर राहते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आमच्यासारख्या वाड्या इथे शेकड्यांनी आहेत आणि प्रश्न एकट्या आमचा नाही. २०२३ साली समूह शाळांचा, म्हणजे आसपासच्या लहान शाळांतली मुलं एका मोठ्या शाळेत आणायचा, विषय निघाला तेव्हा सरकारच्याच आकडेवारीत वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा १४,७८३ होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुलं शिकत होती. एवढी मुलं एका जागी उभी केली तर एक शहर होईल. ती एका जागी नाहीत, डोंगरात, पाड्यावर, धरणाच्या पाण्यापलीकडे विखुरलेली आहेत, म्हणून ती कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीत.

पट कमी का झाला, हे आम्हाला कोणी विचारत नाही. वाड्या रिकाम्या होतात हे खरं आहे. तरुण जोडपी मुंबईला, पुण्याला जातात, त्यांची मुलं तिकडेच शाळेत जातात. ते मी नाकारत नाही. पण आमच्या शाळेत चार वर्षांपूर्वी चौदा मुलं होती आणि गुरुजी दोन होते. मग त्यांतले एक दुसऱ्या शाळेवर कामगिरीवर गेले. तात्पुरते म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. उरलेल्या एका गुरुजींवर पहिली ते चौथीचे चारही वर्ग, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, महिन्याच्या बैठका आणि निवडणूक आली की निवडणुकीचं काम. गुरुजी बैठकीला गेले की शाळेला कुलूप. पुढच्या जून महिन्यात तिघांनी मुलं काढली आणि इंग्रजी माध्यमाच्या व्हॅनमध्ये बसवली. त्यांना मी दोष देत नाही, त्या तिन्ही घरी मी स्वतः गेले होते. एका आईने मला सांगितलं, "मला इंग्रजी नको गो, मला रोज उघडणारी शाळा हवी." पुढच्या वर्षी आणखी दोन गेली. चौदाचे नऊ असे झाले.

आधी शिक्षक काढून घ्यायचा, त्यामुळे मुलं कमी झाली की पट बोट दाखवायला तयार. आणि त्याच पटाच्या आधारावर पुढचा शिक्षक द्यायचा की नाही ते ठरवायचं. हे चक्र आमच्या डोळ्यांदेखत फिरलं आहे.

कायदा काय म्हणतो ते मी अध्यक्ष झाल्यावर वाचून काढलं. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू. त्यात पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असं स्वच्छ लिहिलेलं आहे. सहावी ते आठवीला वर्गाला किमान एक शिक्षक आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं, भाषा यांचे शिक्षक हवेत. राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असं ठरलं. आता याच्या शेजारी १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर ते ठरवण्याचा, शासन निर्णय ठेवून वाचा. सहावी ते आठवीचा पट वीसपेक्षा कमी असेल तर मंजूर शिक्षक शून्य! मी तो कागद तीनदा वाचला. शिकवणारं कोणी नाही अशा वर्गाला शाळा म्हणायचं की शेड?

त्याच वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे शिक्षकदिनाच्या दिवशी, आणखी एक शासन निर्णय निघाला. वीस किंवा त्यापेक्षा कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक निवृत्त झालेला किंवा डीएड-बीएड केलेला कंत्राटी घ्यायचा, मानधन महिना १५,००० रुपये. राज्यभर शिक्षक रस्त्यावर आले, वीसची अट दहावर आणली गेली आणि पुढे तो निर्णय मागेच घेतला गेला. मागे घेतला हे बरं झालं. पण त्या निर्णयामागचा विचार मला जास्त लागला. लहान शाळेतल्या मुलाला अर्धा शिक्षक पुरतो, असा तो विचार आहे.

हा विचार काही एकाच सरकारचा नाही, हेही मनापासून सांगते. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करून मुलं दुसरीकडे हलवायचं ठरलं होतं. २०२२ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली. २०२३ मध्ये समूह शाळा. सरकारं बदलली, मंत्री बदलले, पटाचा आकडा मात्र प्रत्येक वेळी टेबलावर तोच राहिला.

२०२२ च्या ऑक्टोबरमधली इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची मुलं तुम्हाला आठवतात का? भाम धरणात घरं-शेती गेलेल्या लोकांची ती वस्ती. शाळा बंद झाली तेव्हा मुलं पालकांबरोबर नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली. दप्तरं तुम्ही ठेवा, त्याऐवजी आम्हाला शेळ्या द्या, शाळा नसेल तर निदान शेळ्या तरी राखू, अशी त्यांची मागणी होती. धरणासाठी घर दिलं, शेत दिलं आणि वर शाळाही द्या म्हटल्यावर माणसाने आणखी काय बोलावं?

आता दुसरी बाजू. समूह शाळेच्या बाजूने बोलणारे सगळेच वाईट हेतूने बोलतात असं मी मानत नाही. पानशेतला अशी शाळा झाली, नंदुरबारमध्ये तोरणमाळला निवासी शाळा झाली. मोठं मैदान, प्रयोगशाळा, प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक, बरोबरीच्या वयाची मुलं, हे माझ्या मुलीला मिळालं तर मला नको आहे का? तिच्या वर्गात ती आणि आणखी एक मुलगा, दोघंच. कबड्डी खेळायची तर चारही वर्ग मिळूनही धड दोन संघ होत नाहीत. ही उणीव मला रोज दिसते. पण बस आमच्या वाडीपर्यंत येते का? रस्ता पऱ्यापलीकडे संपतो. वाहतूक भत्ता मिळतो म्हणतात. पलीकडच्या वाडीच्या मुलांना तो एका वर्षी मार्चमध्ये मिळाला, तोवर शाळा संपत आली होती. आणि भत्त्याच्या पैशाने पावसात पऱ्या ओलांडता येत नाही. आधी पूल बांधा, वर्षभर बस चालवून दाखवा, मग मुलांना विचारा कुठे जायचं. क्रम उलटा करू नका.

माझी आत्या चौथीपर्यंत शिकली. पाचवीची शाळा पऱ्यापलीकडे होती. तिचे दोन्ही भाऊ पुढे शिकले, एक एसटीत लागला, एक मुंबईला गिरणीत. आत्या हुशार होती, अजूनही पावकी-निमकी तोंडपाठ म्हणते. तिला कोणी शाळेतून काढलं नव्हतं. मुलीला एवढ्या लांब एकटीला कसं पाठवायचं, एवढाच घरातल्यांना प्रश्न पडला होता. आज पाचवीच्या ऐवजी पहिलीचीच शाळा पऱ्यापलीकडे गेली तर काय होईल, ते मला वेगळं सांगायला नको. मुलग्याला कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसवून पाठवतील. मुलीचं नाव पटावर राहील आणि मुलगी घरात राहील.

लोक म्हणतात, नऊ पोरांसाठी केवढा खर्च! खर्च म्हणजे किती ते बघा ना. तीस मुलांपर्यंतच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला संयुक्त अनुदान १०,००० रुपये. त्यात खडू, झाडू, वीजबिल, रंग, कौलं सगळं. खिचडी शिजवणाऱ्या काकींना महिन्याला २,५०० रुपये मानधन. त्या सकाळी स्वतःच्या परसातली अळूची पानं, शेगटाच्या शेंगा आणून आमटीत टाकतात, त्याचे पैसे कोणी देत नाही आणि त्या मागतही नाहीत. शाळेची इमारत जांभ्याच्या चिऱ्यांची आहे. ते चिरे खाणीवरून डोक्यावर वाहून आणणाऱ्यांत माझे आजेसासरे होते. जागा वाडीतल्याच एका घराने दिलेली. मतदान तिथेच होतं, पोलिओचे डोस तिथेच, वाडीची बैठक तिथेच, २६ जानेवारीचं झेंडावंदनही तिथेच. शाळेला कुलूप लागलं की वाडीला एकत्र जमायला उरतं देऊळ. आणि देवळात आम्हा बायकांना मधोमध बसून बोलता येत नाही, शाळेत येतं. समितीत निम्म्या बायका असल्याच पाहिजेत, हा नियम मला या कायद्यातला सगळ्यात मोलाचा वाटतो.

गणवेशाचंच उदाहरण घ्या. २०२४ मध्ये सगळ्या राज्यासाठी एकच कापड, एकाच ठिकाणून, असं ठरलं. पंधरा ऑगस्टला कितीतरी शाळांत मुलं जुन्याच कपड्यांत उभी होती आणि नंतर आलेले कपडे अंगाला बसेनात. डिसेंबरमध्ये गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा समित्यांकडे आला. आता आम्ही बाजारातल्या शिंप्याला मुलांची मापं देतो. तो प्रत्येक मुलाला ओळखतो, शिवण दोन बोटं जास्त ठेवतो म्हणजे पुढच्या वर्षी उसवून वाढवता येते. गणवेशाला जे कळलं ते शाळेला का कळू नये? मापं इथे येऊन घ्या.

शिक्षकांबद्दलही लिहायलाच हवं. कितीतरी वर्षं भरती जवळपास ठप्प होती. २०१७ च्या डिसेंबरमध्ये शिक्षक भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी झाली, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. त्याच २०२३ साली रत्नागिरी जिल्ह्यातून शेकडो शिक्षक आंतरजिल्हा बदलीने आपापल्या गावी गेले. त्यांनाही घर आहे, म्हातारे आईवडील आहेत, त्यांना मी काय म्हणणार? पण त्यांच्या जागी माणूस यायच्या आधी त्यांना सोडलं गेलं. तेव्हा कितीतरी शाळा इथल्याच डीएड झालेल्या तरुण मुलामुलींनी तात्पुरत्या मानधनावर सांभाळल्या. त्या मुलांचे उपकार आहेत आमच्यावर. कोकणात शिकलेली आणि कोकणातच राहू इच्छिणारी मुलं इथे कायम नेमणुकीची वाट बघत आहेत, त्यांना घ्या.

आणि आमचा नऊचा पटसुद्धा कागदावर नऊ राहत नाही. संचमान्यतेला आधार जुळलेलं मूलच मोजतात. पहिलीतल्या एका मुलाच्या आधारकार्डावर वडिलांचं नाव चुकलेलं आहे. दुरुस्तीसाठी त्याची आई दोनदा तालुक्याला जाऊन आली, दोन दिवसांची मजुरी बुडाली, नाव अजून तसंच. तो रोज शाळेत येतो, परिपाठाला पुढे उभा राहून मोठ्या आवाजात प्रतिज्ञा म्हणतो. पण त्या हिशेबात तो धरलेला नाही.

मी त्या माहितीपत्रकावर अंतराच्या रकान्यात पेनाने लिहिणार आहे : 'पायी सत्तावन्न मिनिटं, मध्ये पऱ्या, साकव नादुरुस्त.' आणि मग सही करणार आहे. समितीच्या बाकीच्या सदस्यांशी बोलले, सगळ्यांचं हेच म्हणणं आहे. ज्यांच्या शाळेला असं पत्रक आलंय त्यांनी सही करण्याआधी एकदा मुलाला घेऊन ती वाट चालून यावं, पावसात, आणि किती मिनिटं लागली ते लिहावं. इथे खाली लिहिलंत तरी चालेल, मी सगळी एकत्र करून पुढे देईन.

आमच्या वाडीच्या मुंबईकरांना वेगळं सांगायचंय. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत 'गावसभेच्या संमतीशिवाय शाळा बंद करू नये आणि दुसरा शिक्षक द्यावा' हा ठराव आम्ही मांडतोय. ज्यांची नावं गावच्या मतदारयादीत आहेत त्यांनी गणपतीची सुट्टी वाचवायची म्हणून ही टाळू नका. तुमच्यातल्या बहुतेकांची पहिली पाटी याच शाळेतली आहे. सकाळी आठला झेंडावंदन शाळेतच आहे, नऊही मुलं असतील. सभा साडेदहाला.